सोसायटीचा हिरवा रंग

तेलरंगाचा वास आला की ऊसतोडीहून परतलो ती दुष्काळातली सकाळ आठवते. वडवणीच्या पुढं नुसती करपलेली रानं होती. ट्रॅक्टरवरून नवऱ्याला लांब काहीतरी हिरवं दिसलं. "पाऊस झाला वाटतं आपल्याकडं," तो म्हणाला. जवळ गेल्यावर कळलं, ती दूध सोसायटीची नवी खोली होती. दारात सोसायटी बघणारे माझे सासरे उभे होते. नवऱ्यानं विचारलं, "आबा, एवढा हिरवा कावून दिला?" ते म्हणाले, "रानात कुठं हिरवं न्हाई. म्हणलं, भिंतीला तरी असावं." तिच्याच सावलीत आम्ही भाकरी सोडली आणि घरी आल्यासारखं वाटलं. आता सोसायटी मी बघते. खोलीभोवती लिंबाची झाडं दाटलीत. परवा रंगाऱ्यानं हिरवा डबा उघडला, तेव्हा मी म्हणाले, "पांढरा दे बाबा. हिरवं बाहेर लई हाय."