दारावरचे चरे

गाडीच्या ताज्या रंगाचा वास आला, की मला मानोऱ्यातलं आमचं टिनाचं शेड आठवतं. तिथं बाबांची जुनी, लांबलचक अमेरिकन गाडी उभी असायची. दसऱ्याला तिचं क्रोम ते स्वतः वस्त्रगाळ राखेनं घासत. आईचं वर्षश्राद्ध झालं, तेव्हा बाबांना बरं वाटावं म्हणून मी दसऱ्याआधी गुपचूप गाडी रंगवून आणली. झेंडूचा हार घेऊन बाबा आले आणि आई बसायची त्या बाजूच्या दारावर हात फिरवू लागले. "अरे, इथं हँडलपाशी तुह्या मायच्या बांगड्याईचे चरे व्हते ना?" "सगळे बुजवून टाकले, बाबा," मी खुशीत म्हटलं. हार त्यांच्या हातातच राहिला. आता गाडी मीच पुसतो. हँडलपाशी नखानं चाचपतो. काहीच लागत नाही.