डबामिस्त्री

मिस्त्री इंजिन हाताने ऐकायचे. त्यांचा डावा कान पार गेलेला होता आणि उजव्यावर त्यांचा स्वतःचाच भरवसा नव्हता. जीप सुरू केली की ते खाली उतरत, बॉनेटवर तळहात ठेवत आणि डोळे मिटून उभे राहत. वेल्ह्याच्या आरोग्य केंद्रात मी नर्स म्हणून रुजू झाले, त्या पहिल्याच सकाळी मला वाटलं, हा माणूस गाडीला नमस्कार करतोय. मी हसले ते त्यांनी पाहिलं असावं.

"न्हाई बाई," ते म्हणाले, "तिची नाडी बघतोय. तुमी मनगटाची बघता, तसंच."

ते केंद्राच्या जीपचे ड्रायव्हर. पण त्याआधी बरीच वर्षं त्यांनी दूरच्या एका धरणाच्या कामावर मोठमोठी यंत्रं दुरुस्त केली होती, म्हणून सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. त्या नावापुढे 'डबा' लागला तो त्यांच्या एका वेडामुळे. दिसेल त्या इंजिनाला ते डबा बसवत. तुपाचा रिकामा डबा, झाकण कथलाने झाळून बंद केलेलं, आत पितळी तारेचा चोथा, वर दोन नळ्या आणि बुडाशी एक लहानशी तोटी. उत्रोलीच्या भातखाचरांवरचे पाण्याचे पंप, भोरच्या व्यापाऱ्यांचे ट्रक, आमची जीप, सगळ्यांना त्यांचा डबा होता. लोक चेष्टा करत. मीही एकदा विचारलं, हे कशासाठी?

"इंजिनालाबी ढेकर येतो, बाई. त्या ढेकरासंगं तेल वर येतं. ते मधीच धरायचं."

त्यांचं बोलणं नेहमी असंच अर्ध्यावर थांबायचं. भोरमध्ये त्यांची एक खोली होती, पण ते बहुधा केंद्रातच मुक्काम करत. दुपारी बाकीचे एकत्र डबे उघडून बसत, तेव्हा हे जीपच्या पायरीवर बसून, रस्त्याकडे तोंड करून भाकरी खात. बोलावलं तर म्हणत, "मला ऐकू येत न्हाई, तुमची उगंच पंचाईत व्हती." दिवाळीत सगळ्यांची रजा तेच आपल्या अंगावर घेत. "माझी कुणी वाट बघत न्हाई," हे ते तक्रारीच्या सुरात सांगत नसत. बस किती वाजता सुटते, हे सांगावं, तसं सांगत.

वेल्ह्याहून भोरकडे जाताना मार्गासनीला मात्र ते हमखास गाडी थांबवत. रस्त्याच्या कडेला एक आंब्याचं झाड होतं आणि समोर कोंडाबाई नावाच्या म्हातारीचं घर. मिस्त्री बॉनेट उघडत, डब्याची तोटी सोडत, चार थेंब बाटलीत धरत, बोटांत चोळून बघत. आमच्या जीपच्या डब्यात महिन्यात चमचाभरही तेल जमत नसे. तरी दर खेपेला दहा मिनिटं हा उद्योग चाले, आणि तेवढ्या वेळात त्यांची नजर चार-पाचदा तरी त्या घराच्या दाराकडे जाई.

कोंडाबाईच्या पायाला जखम झाली होती आणि ती बांधायला मी आठवड्याला तिच्याकडे जात असे. तिचं बोलणंही मोजकंच. तिचा एकुलता मुलगा किसन धरणाच्या कामावर डंपर चालवायचा आणि तिथेच अपघातात गेला, एवढं मला शेजारणीने सांगितलं होतं. पुढे आवाज खाली आणून ती म्हणाली होती, "पिऊन चालवत व्हता म्हणं. कागदातच लिवून आलतं, त्याच्याच चुकीनं झालं." हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांना ठाऊक आहे हे कोंडाबाईला ठाऊक होतं. ती पाणवठ्यावर सर्वांच्या नंतर जायची.

"मिस्त्री, आत या ना, पाणी तरी प्या," मी एकदा दारातून हाक मारली. त्यांना ती नक्की ऐकू आली. त्यांनी बॉनेट पाडलं आणि स्टिअरिंगवर जाऊन बसले.

त्या हिवाळ्यात कोंडाबाईची जखम चिघळली, ताप चढला. तिला भोरच्या दवाखान्यात हलवणं भाग होतं. शेजारणीने आणि मी आधार देऊन तिला जीपमध्ये घेतलं. मी मागे तिच्याजवळ बसले. नसरापूरच्या अलीकडे ती एकाएकी म्हणाली, "ह्यो डायवर माज्या दारासमुर येऊन त्या गाडीत काय बघतो गं?"

मी मोठ्याने विचारलं, "मिस्त्री, मावशी विचारतायत, तुम्ही दर वेळी गाडीत काय बघता?"

त्यांनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. मग उतरून मागे आले आणि कोंडाबाईच्या पायाशी, रस्त्यावर उभे राहिले.

"मावशी, म्या किसनच्या धरणावर व्हतो. त्याची गाडी माज्याकडं असायची."

ती कोपरावर रेलून थोडी उठली.

"त्यो पिलेला नव्हता. त्यानं कदी थेंबबी घेतला न्हाई."

मग त्यांनी सांगितलं. इतकं सलग बोलताना मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. त्या डंपरला एक फुंकणी होती. चुलीला असते तशी, पण इंजिनाच्याच धुराने गरगर फिरणारी. ती बाहेरची हवा ओढून इंजिनात दाबायची, म्हणून गाडीला ताकद फार. पण दाब वाढला की थोडा जाळ पिस्टनच्या कडेने खाली निसटतो, जिथे तेल असतं तिथे. तिथून तो तेलाची वाफ घेऊन वर येतो. तो बाहेर काढायला एक नळी असते. त्या नळीचं तेल सगळीकडे उडतं, धूळ चिकटते, म्हणून वरच्या साहेबाने ती नळी फुंकणीच्या तोंडातच जोडायला लावली.

"म्या जोडली, मावशी. माज्या हातानं. मधी काय तरी पायजे व्हतं. तू भात शिजवतीस, झाकणाला खालनं पाणी धरतं न्हवं? तसं. त्यो धूर मधी डब्यात अडवायचा, तारेवर आपटवायचा. तेल तारेला धरतं, खाली गळतं. कोरडा धूर फुडं जातो. पर तवा कुणी केलं न्हाई. त्या सकाळी हवेच्या नळीत तेल साचलेलं म्या बघितलं. फडक्यानं पुसलं आन् म्हनलं, जाऊ दे, सांजच्याला बघू."

किसन भरलेला डंपर घेऊन उतारावर निघाला. नळीत साचलेलं तेल एका दमात इंजिनात गेलं. डिझेलच्या इंजिनाला तेलही चालतं, ते तेलावरच पळायला लागलं, किंचाळायला लागलं. किसनने चावी बंद केली. चावीने डिझेल बंद होतं.

"पर ते डिझेलवर चालतच न्हवतं. आपलंच तेल पीत व्हतं. ब्रेक लावला तर इंजिन ढकलतंय, क्लच दाबला तर भरली गाडी मोकळी सुटतीय. खाली बाया खडी फोडत बसलेल्या. त्यानं गाडी दुसऱ्या अंगाला, खाणीकडं वळवली. म्या पळत व्हतो मागनं. पोत्यानं हवेचं तोंड दाबलं असतं तर थांबलं असतं. म्या पोचलो न्हाई."

चौकशीत साहेबाने लिहिलं, ड्रायव्हर पिऊन होता, त्याचीच चूक. मिस्त्रींना विचारलं, तेव्हा त्यांनी होय म्हणून मान हलवली.

रस्त्याने एक बैलगाडी गेली. मला वाटत होतं, म्हातारी रडेल किंवा शिव्या देईल. तापाने लाल झालेल्या डोळ्यांनी ती त्यांच्याकडे बघत होती.

"म्हंजी माजा पोरगा चुकला न्हाई."

"न्हाई मावशी. म्या चुकलो."

"तुजं तू बघ," ती म्हणाली. "मला त्याचं पायजे व्हतं. आन् हे मला एकलीला सांगून काय उपेग? गावात येऊन सांग."

महिनाभराने तिला घरी आणलं. त्यानंतरच्या रविवारी मिस्त्री धुतलेले कपडे घालून मार्गासनीच्या देवळासमोर उभे राहिले. त्यांनी सोबत एक डबा कापून आणला होता, आतलं दिसेल असा. चाळीसेक माणसं जमली होती. कोंडाबाई काठी टेकत येऊन पुढे बसली, बाप्यांच्या रांगेत. मिस्त्रींचा आवाज फाटत होता, कुणी काही विचारलं की त्यांना ते दोनदा सांगावं लागत होतं. पण त्यांनी एक गोष्ट सोडली नाही. नळी कुणी जोडली, तेल कुणी पुसलं, चौकशीत मान कुणी हलवली, सगळं सांगितलं. शेवटी एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "मंग इतकी वर्सं कुठं व्हतास रं?" मिस्त्रींनी कापलेला डबा उचलून काखेत घेतला. लोक उठून गेले. कुणी त्यांना चहा विचारला नाही. कोंडाबाई मात्र सगळ्यांबरोबर, सगळ्यांच्या मधून चालत घरी गेली.

येताना मी त्यांना विचारलं, आता मोकळं वाटतंय का?

"न्हाई, बाई," ते म्हणाले. "आता निस्तं रिकामं वाटतंय."

त्यानंतर मार्गासनीला त्यांनी गाडी थांबवली नाही. मला वाटलं होतं, आता तरी हा माणूस चार लोकांत बसेल. तसं झालं नाही. उलट इतकी वर्षं जे एक दार त्यांना होतं, बाहेरून का होईना, तेही उरलं नाही. वर्षभरात त्यांनी नोकरी सोडली. ज्या दिवशी गेले त्या दिवशी मी लसीकरणासाठी एका वाडीवर होते. परत आले तेव्हा जीप धुऊन उभी होती आणि चावी माझ्या टेबलावर होती. भोरची खोलीही त्यांनी रिकामी केली होती. कुठे गेले, कुणालाच सांगता आलं नाही.

माझीही पुढे बदली झाली. काही वर्षांनी वेल्ह्याला एका लग्नासाठी जाताना मार्गासनीला एसटी बंद पडली. आम्ही सगळे खाली उतरलो. ड्रायव्हर बॉनेट उघडून खटपट करत होता. शेजारी उभा असलेला गावातला एक तरुण शेतकरी मला म्हणाला, "इंजिनाचं काय सांगावं, बाई. आमच्या गावचा किसन व्हता. त्याचं इंजिन सोताचंच तेल प्यालं. चावी बंद केली तरी ऐकंना. तरी त्यानं गाडी बायांच्या अंगावर जाऊ दिली न्हाई." मग त्याने मला फुंकणी, नळी, झाकणाला धरणारं पाणी, सगळं नीट समजावून सांगितलं. कुठेही चुकला नाही. कोंडाबाई मागच्याच वर्षी गेली, हेही त्यानेच सांगितलं.

"हे तुम्हांला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

त्याने थोडा विचार केला.

"आलता कोन तरी डायवर," तो म्हणाला. "नाव न्हाई ठावं."