आईच्या चपला

तापलेल्या रेक्झिनचा वास आला की धंतोलीतल्या गाड्या विकणाऱ्याचे ते अंगण आठवते. रोजच्या वापरासाठी जुनी, स्वस्त गाडी घ्यायची होती. अंगणातल्या दोन गाड्यांपैकी छोटीचे गिअर अडतात म्हणून वडील अवजड, मोठी गाडी घेण्याच्या बेतात होते. तोच नऊवारीतल्या आईने चपला काढल्या, स्टिअरिंगला नमस्कार केला आणि छोटी गाडी सफाईने फाटकाबाहेर नेली. “बाई काय करून राहिल्या, साहेब?” विकणारा किंचाळला. फेरी मारून परतलेली आई म्हणाली, “अहो, माहेरी संत्र्यांचा ट्रक चालवत होती मी. हे तर नाचते! हेच घ्या.” इतक्या वर्षांच्या संसारात हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हते. वडिलांनी वाकून तिच्या चपला उचलल्या आणि त्या मांडीवर घेऊन ते गाडीत तिच्या डावीकडे बसले. मनाने मी मात्र आजही त्या अंगणातच उभा आहे.