सहा सुलट, चार उलट

लोकरमावशीच्या वहीत एकोणीस वर्षांचे स्वेटर होते. म्हणजे त्यांचे नमुने: '६ सु ४ उ ६ सु, आठव्या ओळीत वेणी'. सु म्हणजे सुलट टाका, उ म्हणजे उलट, वेणी म्हणजे टाक्यांना दिलेला पीळ. तिच्याकडे शिकलेल्या बायका ते घडाघडा वाचत. इतरांच्या डोक्यावरून जाई.

जावई वायरमन. वहीची पानं सुटायला लागली म्हणून तो झेरॉक्स काढायला निघाला. पिशवीत पक्कड, टेस्टर, वायरचं भेंडोळं आणि वही. बसस्थानकावर झडती झाली. वायर आणि आकडे एकाच पिशवीत, मग काय विचारता! त्याला दहशतवादविरोधी कायद्याखाली उचललं. आरोपात तथ्य नाही असं कोर्टाला पटलं तरच सुटका, नाहीतर सहा महिने आत.

मुलीने अन्नपाणी सोडलं. मावशी म्हणाली, "जेव आधी. सुटलेला टाका उचलता येतो."

अकराव्या दिवशी सुनावणी होती. सरकारी वकिलांनी वहीतलं एक पान टाइप करून आणलं होतं. "ही सांकेतिक भाषा आहे. तज्ज्ञांनाही अजून उलगडलेली नाही."

अहो, तज्ज्ञांनी शेजारच्या काकूंना विचारलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं! पण शहाण्यांना विचारायला लाज वाटते.

न्यायाधीशबाईंनी मावशीला विणून दाखवायला सांगितलं. शिपायाने सुया दोनदा तपासल्या. मावशी टाइप केलेला कागद वाचत विणू लागली आणि तिसऱ्या ओळीत थांबली.

"बाई, यात दोन टाके गाळलेत. वेणी बसणार नाही."

मूळ वही आणली. खरंच, टाइप करणाऱ्याने दोन टाके खाल्ले होते. कोर्टात हशा पिकला. मावशीने मान वर केली, तर समोर तपास अधिकारी. कोटाच्या आत राखाडी स्वेटर.

"साहेब, हा माझ्याच हातचा. तुमच्या सासूबाईंनी दोन हिवाळ्यांपूर्वी करून घेतलाय. हेच पान अंगात घालून आलात की."

साहेबांना कोट काढावा लागला. न्यायाधीशबाईंनी वही हातात धरून स्वेटरवरचे टाके मोजले. सहा, चार, सहा. आठव्या ओळीत वेणी.

"कायदा लोकांच्या सुरक्षेसाठी आहे," त्या म्हणाल्या, "आणि हा वायरमनही लोकांतलाच. कोठडीत ठेवायला पुरावा लागतो, नुसती भीती पुरत नाही. सोडा त्याला."

मुलगी हसत होती आणि रडतही होती. मावशीने आनंदाने सुया पिशवीत ठेवल्या. साहेब कोट हातात घेऊन जवळ आले.

"मावशी, चूक झाली."

"झालीच. त्याचे अकरा दिवस गेले, ते काही मला विणून देता येणार नाहीत." मग तिची नजर त्यांच्या काखेकडे गेली. "उसवलाय. घरी आणून द्या, नीट करते. आणि वही?"

"उद्या मिळेल."

"आजच द्या," आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर आलेला जावई म्हणाला. "झेरॉक्स राहिलीय."

वही मिळाली. ती पिशवीत टाकून तो त्याच बसस्थानकाच्या वाटेला लागला, आणि या वेळी मावशीही सोबत निघाली.