चांदणीची वायर

काल खांदा कॉलनीतल्या घरी नात नाताळची चांदणी चिकटवायला कणकेची खळ शिजवत होती. त्या गरम, कच्चट वासाने मला माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात नेऊन बसवलं.

तेव्हा आम्ही जुन्या पनवेलात राहायचो. मी कामट्यांची माणसाएवढी चांदणी केली होती, आत विजेचा दिवा. आदल्या संध्याकाळी अख्खी आळी बघून गेली आणि माझी छाती फुगली.

आमच्याकडे ख्रिस्तजन्माचा अध्याय वाचल्याशिवाय करंजीला कोणी हात लावत नसे. दरवर्षी बाबा वाचायचे, पण त्या साली त्यांना मोतीबिंदूने दिसेना. जेवणाआधी त्यांनी बायबल माझ्यापुढे धरलं. "शमू, यंदा तू वाच."

मी चौथी नापास. समोर मॅट्रिक झालेले मेहुणे बसलेले. मी म्हणालो, "चांदणीची वायर सुटलीय, बघून येतो."

"अरे, अडखळलास तर अडखळलास! मला सगळं पाठ हाय. पुढचं मी सांगेन."

मी गेलोच. वायर सुटली नव्हती, आणि भर दुपारी दिवा बघणार तरी कोण होतं? आत मेहुण्यांनी घडाघडा वाचलं. बाबांना काही सांगावंच लागलं नाही.

पुढच्या नाताळाआधी बाबा प्रभूकडे गेले.

आता अध्याय मीच वाचतो, दुसऱ्याला देत नाही. एखाद्या शब्दावर अडलो की नात सांगू बघते. मी तिला हातानेच गप्प करतो आणि जरा वेळ कान देऊन बसतो.