हळदीच्या चिंध्या

हळद शिजवल्याचा वास आला, की माझी बोटं आपोआप मुठीत जातात. काही वर्षांपूर्वी मी मुंबईच्या प्राईड मिरवणुकीहून गावी परतलो, ते मित्रांनी रंगवलेली नखं घेऊनच. वारंगा फाट्याला एसटीतून उतरल्यापासून खड्यानं खरडत होतो. रक्त आलं, रंग जाईना. घरी मला बघायला मुलीकडचे पाव्हणे येऊन बसलेले. मागच्या वाटेनं शेतात शिरलो, तर हळदीच्या कढईपाशी वहिनी. "भाऊजी, काहून बोटं सोलून राहिले?" माझ्या तोंडून निघून गेलं, "मला पोरी नाही, पोरं आवडतात, वहिनी. आता मरतोच मी." ओली हळद ठेचून तिनं बोटांना थापली, पदराची कड फाडून चिंध्या बांधल्या. "कढईनं भाजलं म्हणा." शेवटची गाठ मारताना मात्र थांबली. "तुमचे हात झाकले. त्या पोरीच्या जन्माला कशाची चिंधी बांधू?" आणि माझ्याआधी तीच घरात गेली, पाव्हण्यांना नाही म्हणायला. यंदा मिरवणुकीत ती माझ्या शेजारी चालत होती. गर्दीत माझ्या मुठी अजून आवळतात. तिनं आपल्या पिवळ्या हातानं माझी मूठ सोडवली.