शरयूताई आणि वाटेतली अंगणवाडी

भांडायला आलेल्या माणसाच्या हातात शरयूताई बापट आधी मूल देत. "हे धरा जरा," एवढेच म्हणत आणि दुसऱ्या मुलाचे नाक पुसायला वळत. मग आलेल्या माणसाने मनात काहीही योजलेले असो, त्या मुलाची मान सावरणे हेच त्याचे पहिले काम होऊन बसे.

माझी त्यांची पहिली भेट अशीच झाली. कोथरूडच्या टोकाला आमची सोसायटी तेव्हा नवी होती, आणि तळमजल्यावरच्या आपल्या सदनिकेत बाईंनी पाळणाघर उघडले होते. निवासी सदनिकेचा व्यावसायिक वापर हा उपविधींचा उघड भंग होय. मी शासनाच्या एका विधी शाखेतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालो आहे. असले भंग मला दिसतात, आणि दिसले की लिहिल्यावाचून राहवत नाही. मी आक्षेपपत्र घेऊन गेलो आणि ते बाईंना उभ्यानेच वाचून दाखवले, डाव्या कडेवर कोणाचा तरी मुलगा घेऊन. दुसऱ्या परिच्छेदाच्या सुमारास त्याने पत्राचा कोपरा तोंडात घातला. त्यापुढचा मजकूर मला तोंडी सांगावा लागला.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "छान लिहिलंय हो, लिमये. राग उत्तम आहे, पत्ता चुकलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे असं, की हे बंद केलंत तर या पोरांच्या आया कंपनीच्या बसमध्ये चढण्याआधी रोज सकाळी तुमच्या दारात उभ्या राहतील. पोरांचे आजी-आजोबा कुणाचे सांगलीला, कुणाचे अकोल्याला. सोसायटीत दिवसभर घरी असणारे तुम्हीच. सांभाळाल?"

"हा युक्तिवाद नव्हे, ही धमकी आहे."

"चहा घेणार?" त्या म्हणाल्या.

येथे नमूद करतो, की माझा आक्षेप कायद्याने बिनचूक होता. तो अर्ज सोसायटीच्या दफ्तरी आजही प्रलंबित आहे आणि मी तो मागे घेतलेला नाही. पाठपुरावा मात्र केला नाही.

शरयूताई मूळच्या सदाशिव पेठेतल्या. तिथल्या एका बालमंदिरात शिकवण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. यजमान गेल्यावर त्या आमच्या भागात राहायला आल्या. त्यांच्याजवळचा सगळा गोडवा मुलांसाठी राखून ठेवलेला असे. मोठ्यांच्या वाट्याला उरेल ते येई. एकदा संगणक कंपनीतल्या एका आईने काळजीच्या सुरात विचारले, "आंटी, इथे हायजीनचं काय? म्हणजे टॉईज सॅनिटाइज वगैरे करता ना?" ताई म्हणाल्या, "खेळणी रोज धुते. तुमच्या चिरंजीवांनी काल माझी चप्पल चाटली, ती मात्र धुतलेली नव्हती. आजपासून तीही धुईन." ती बाई हसली, हे तिचे मोठेपण. ताई हसल्या नव्हत्या. संध्याकाळी चप्पल खरोखरच धुऊन कठड्यावर वाळत ठेवलेली मी पाहिली.

आमच्या सोसायटीपासून ओढा ओलांडला की जुने गाव लागे. त्या गावातल्या आणि तिथे भाड्याने राहायला आलेल्या बाहेरगावच्या बाया आमच्याकडे धुणीभांडी करीत. त्यांची मुले देवळामागच्या खोलीतल्या अंगणवाडीत जात. अंगणवाडी दुपारी सुटे आणि आयांची कामे चारपर्यंत चालत. एके दिवशी जिन्याच्या वळणावर अशीच एक पोर पायपुसण्यावर झोपलेली ताईंना दिसली. त्यांनी तिला उचलून आत निजवले, आणि दुसऱ्याच दिवशी ओढा ओलांडून अंगणवाडीत गेल्या. मला सोबत नेले, कारण त्यांच्या मते मी बरोबर असलो की लोक उभे राहून बोलतात.

अंगणवाडी सेविका मंदाताई गावच्याच सून होत्या. आमच्या इमारती ज्या जमिनीवर उभ्या आहेत ती त्यांच्या सासऱ्यांची होती, आणि ही गोष्ट त्या कोणालाही विसरू देत नसत. "तुमचा हॉल हाय ना, तितं आमचा भुईमूग व्हायचा," हे त्यांचे मला उद्देशून पहिले वाक्य.

ताईंनी विचारले, "अंगणवाडी दुपारी सुटते, आई चारला सुटते. मधल्या वेळात पोर कुठल्या खात्याचं?"

"मधल्या येळंला देवाच्या खात्याचं," मंदाताई म्हणाल्या.

"देवाला पर्यवेक्षिका नाही. माझ्याकडे पाठवा."

"आन् तुमच्या सोसायटीला चालंल का?"

"हे सोसायटीचे आक्षेप," ताईंनी माझ्याकडे बोट दाखवले. "बरोबर घेऊनच आलेय."

मंदाताईंनी मला आपादमस्तक न्याहाळले, आणि मग व्यवहाराला सुरुवात केली. फुकटचे उपकार त्यांना नको होते. ठरले असे, की त्यांची मुले दुपारी झोपायला पाळणाघरात यायची आणि पाळणाघरातली सकाळी अंगणवाडीच्या अंगणात खेळायला जायची. "तुमची पोरं माती बघून रडत्यात," मंदाताई म्हणाल्या. "ते मी बघते. आमच्यात रडायला टाइम न्हाई."

एकदा पोरे ओढा ओलांडू लागल्यावर वस्तूही ओलांडू लागल्या. पाळणाघरातले लाकडी ठोकळे अंगणवाडीत गेले. अंगणवाडीचा, मुलांना झोळीत टांगून तोलण्याचा वजनकाटा पाळणाघराच्या तुळईला लागला, कारण तपासणीला येणाऱ्या परिचारिकाबाईंना दोन्हीकडची मुले एकाच ठिकाणी तोलणे सोयीचे पडे. सतरंज्या तर कोणाच्या कुठे होत्या, हे ताई आणि मंदाताई दोघींनाही सांगता आले नसते. मी ताईंना बजावले, की शासकीय जडवस्तू, म्हणजे नोंदवहीत चढवलेले सामान, खासगी जागेत ठेवणे गंभीर आहे. त्या म्हणाल्या, "काटा कुठे आलाय? पोरं काट्याकडे आली आहेत."

मग ते गाव महापालिकेत आले, आणि माझ्या संतापाला खरे कारण मिळाले. अंगणवाडी होती ग्रामीण प्रकल्पाची. गाव शहरात गेल्यावर ग्रामीण कार्यालय म्हणाले, ही आता आमची नव्हे. नागरी कार्यालय म्हणाले, आमच्याकडे अजून हस्तांतरण झालेले नाही. मुलांचा पोषण आहार बंद झाला. मंदाताई घरच्या डाळ-तांदळाची खिचडी शिजवू लागल्या. शेवटी तोंडी निरोप आला, की हस्तांतरण होईपर्यंत खोलीला कुलूप लावावे. मंदाताई प्रथमच घाबरलेल्या दिसल्या. "कुलूप लागलं की देवळाचे ट्रस्टवाले खोली मोबाइलच्या दुकानाला देत्याल, काका. त्यांच्याकडं आत्ताच लोक इचारून गेल्यात. मग बसा बोंबलत."

मी लिहिले. दोन्ही कार्यालयांना लिहिले, त्यांच्या वरिष्ठांना लिहिले, आणि प्रत्येक पत्राची प्रत दुसऱ्याला दिली. उत्तरे आली. प्रत्येकाने मला अत्यंत सौजन्याने दुसऱ्याकडे जाण्यास सांगितले होते. ज्या राज्यात रस्ते खणणाऱ्याला बुजवणारा सापडत नाही तिथे हे नवे नव्हते. पण इथे मध्ये जिवंत मुले होती. मी आणखी कडक पत्र लिहायला बसलो, तेव्हा ताईंनी माझ्या हातातले पेन काढून घेतले.

"तुमच्या पत्रांनी त्या दोघांची एकमेकांशी साधी ओळखसुद्धा झालेली नाही," त्या म्हणाल्या. "आता मी सांगते तसं लिहा. संक्रांतीला अंगणवाडीत मुलांचं बोरन्हाण आहे. यावं."

"कोणत्या कलमान्वये?"

"लिमये, बोरन्हाणाला कलम नसतं."

कलमाचा आधार नसलेले पत्र मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिले. दोन पत्रे, दोन्ही कार्यालयांना. दुसऱ्यालाही बोलावले आहे, हे मी नमूद करणार होतो. ताईंनी करू दिले नाही.

दोघेही आले. ग्रामीणचे साहेब होते, नागरीच्या बाई होत्या. सोसायटीतल्या आया नोकरीवरून अर्धी रजा घेऊन आल्या होत्या. गावातल्या आया नवी लुगडी नेसून. सगळी मुले काळ्या कपड्यांत, अंगावर हलव्याचे दागिने. ताईंनी दोन्ही अधिकाऱ्यांना सतरंजीवर शेजारी शेजारी बसवले, आणि "हे धरा जरा" म्हणून प्रत्येकाच्या मांडीवर एकेक मूल दिले. डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे ओतले गेले. गोळा करायला मोठी मुले धावली. साहेबांच्या मांडीवरचे पोर हलव्याचा मुकुट खाऊ लागले.

गलका ओसरल्यावर ताईंनी विषय काढला. साहेब म्हणाले, "आमच्या दृष्टीने ही अंगणवाडी शहरात गेली."

बाई म्हणाल्या, "आमच्याकडे पोचलेली नाही."

"म्हणजे वाटेत आहे," ताई म्हणाल्या. "वाटेतल्या पोराला आपल्याकडे जेवायला विचारतात हो. निदान पाणी तरी."

साहेब जरा ओशाळले. म्हणाले, "बरं, आलोच आहे तर जडवस्तू मोजून घेतो. यादीप्रमाणे सगळं असेल तर हस्तांतरणाचा कागद लगेच पुढे सरकवता येईल." मी मंदाताईंकडे पाहिले. मंदाताईंनी आकाशाकडे पाहिले.

सतरंज्या यादीपेक्षा जास्त भरल्या. ठोकळे यादीत नव्हते. वजनकाटा नव्हताच.

"काटा ताईंकडं हाय, साहेब," मंदाताई म्हणाल्या. "ताईंचं ठोकळं माझ्याकडं. पोरं तीच, मग काय फरक पडतो?"

साहेबांचा चेहरा बदलला. शासनाची वस्तू खासगी पाळणाघरात, हे प्रकरण ते कसे पुढे पाठवणार? चौकशी होईल, तोवर सगळेच थांबेल, कुलूप लावावेच लागेल. त्या दोघींनी ज्या गोष्टीने दोन्हीकडची पोरे सांभाळली होती, तीच आता अंगणवाडी बंद करण्याचे कारण होऊन समोर उभी होती. मला बोलायचे होते. मी ताईंकडे पाहिले, कारण त्यांनी मला सकाळीच गप्प राहण्याची तंबी दिली होती.

ताई म्हणाल्या, "हं, लिमये. आता रागवा."

कित्येक महिन्यांचे साठले होते. मी उभा राहिलो. म्हणालो, साहेब, काट्याबद्दल जाब अवश्य विचारा. लेखी विचारा. परंतु वस्तूबद्दल जाब विचारण्याचा अधिकार त्या वस्तूच्या धन्याला असतो. आपण विचारलात, तर अंगणवाडी आपली. उद्यापासून आहार आपण पुरवायचा. बाईंनी विचारला, तर त्यांची. आणि कोणाचीच नसेल, तर काटाही कोणाचा नाही, मग तो ताईंच्या तुळईला टांगलेला असो की आणखी कुठे. कोण विचारतो ते सांगा, मी कागद आणून देतो. हे सर्व मी याहून बऱ्याच मोठ्या आवाजात म्हणालो. एक मूल रडू लागले. मंदाताईंनी त्याला बोर दिले.

साहेबांनी यादीची घडी घातली. नागरीच्या बाई मांडीवर झोपलेल्या मुलीकडे पाहत होत्या. मग त्या कोरड्या आवाजात म्हणाल्या, "काटा शासनाचा आहे. तो पाळणाघरात का, याचा खुलासा सेविकेने आठ दिवसांत माझ्या कार्यालयास करावा. लेखी नोटीस उद्या निघेल."

मंदाताईंचा चेहरा उतरला. शरयूताई हसत होत्या. मीही हसत होतो, ही गोष्ट तिथे जमलेल्यांपैकी कोणी पूर्वी पाहिलेली नव्हती.

"अवो, मला नोटीस काढत्यात, आन् तुमी हसताय?"

"मंदा," ताई म्हणाल्या, "नोटीस आपल्याच माणसाला काढतात."

नोटीस आली. जावक क्रमांक नागरी कार्यालयाचा होता. खुलासा मी लिहिला. इतक्या आनंदाने मी दुसरे काही लिहिलेले नाही. महिना संपायच्या आत हस्तांतरण झाले, आहार सुरू झाला. मोबाइलचे दुकान दुसरीकडे निघाले. पुढे दर महिन्याला एका दुपारी पाळणाघरात चहा होऊ लागला. मंदाताई, परिचारिकाबाई, महापालिकेच्या शाळेतल्या पहिलीच्या बाई, कधी नागरीच्या बाईही. कोणते पोर बोलत नाही, कोणाला कमी दिसते, कोण जूनमध्ये शाळेत जाणार, हे चहाबरोबर ठरे. "मूल एकच असतं, खाती अनेक," ताई म्हणत. "खात्यांनी महिन्यातून एकदा एकमेकांची तोंडं बघावीत, एवढंच माझं मागणं."

गुडघ्यांनी दगा दिल्यावर लेकीकडे, कोल्हापूरला जायचे त्यांनी ठरवले. पाळणाघर त्यांच्या हाताखालच्या दोघी बायका चालवणार होत्या. निघण्याच्या आदल्या दिवशी मी गेलो. म्हणालो, "हे सर्व तुमच्या आणि मंदाताईंच्या तोंडी शब्दावर उभे आहे. उद्या तुम्ही नसाल. पाळणाघर आणि अंगणवाडी यांच्यात रीतसर करार हवा. मसुदा मी करतो."

त्या दुपट्यांच्या घड्या घालत होत्या. "कुणाच्या नावांनी?"

"एका बाजूस तुम्ही, दुसऱ्या बाजूस मंदाताई."

"मी निघालेच. मंदाही कधीतरी निवृत्त होईल. करार करायचा तर पोरांच्या नावांनी करा."

"ताई, मुले कायद्याने अज्ञान आहेत, अठरा वर्षांखालची. अज्ञानाशी केलेला करार कायद्याच्या दृष्टीने मुळातच शून्य असतो."

"शून्य म्हणजे?"

"म्हणजे तो झालाच नाही, असे मानतात."

"मग तो मोडता यायचा नाही," त्या म्हणाल्या, आणि पुढचे दुपटे घेतले.

हे विधान मी सर्व बाजूंनी तपासले आहे. त्यात दोष सापडत नाही, आणि याचा मला अजून राग येतो. ताई पुढे कोल्हापूरलाच वारल्या. मंदाताईंनी त्या दिवशीही अंगणवाडी उघडली होती. करार मी केला नाही. सकाळी पोरांची रांग ओढ्यावरून तिकडे जाते आणि दुपारी तिकडची इकडे येते. हे कोणत्या तरतुदीखाली चालते, असे मला अद्याप कोणी विचारलेले नाही, आणि विचारू नये.